खुरातलं लाखेचं बूच

माझ्या लग्नासाठी सासरी एक खोली नवीन बांधली होती. बाकी घर मातीचं, शेणानं सारवलेलं. या एकाच खोलीला सिमेंटची जमीन, आणि तीसुद्धा लाल रंग घोटून आरशासारखी केलेली. मी बल्लारपूरची. वडील रेल्वेत, त्यामुळे आम्ही क्वार्टरमध्ये वाढलो. मुलीला सारवता यायचं नाही, अशी धास्ती घेऊन म्हणे सासऱ्यांनी ही खोली काढली. गावातल्या बायका खास ती बघायला येत. पाय पुसून आत पाऊल टाकत, तळव्याला गार लागलं की "अगं माय" म्हणत, आणि जाताना माझ्याकडे अशा बघत की जणू ती जमीन मीच रात्रभर घोटत बसले होते. मला त्या खोलीचा गर्व झाला होता, हे कबूल करायला काय जातं! तो गर्व एका बैलानं उतरवला. कसा, ते ऐका.

आमचं गाव मूलच्या पुढे, जंगलाला चिकटून. एका बाजूला धानाच्या बांध्या, दुसऱ्या बाजूला साग आणि बांबू. घरात माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणायची. सासू, म्हणजे आत्याबाई. माझे मोठे दीर, ज्यांना मी भाऊजी म्हणत असे, पण पदर सावरून आणि लांबूनच. आणि माझे यजमान, जे रोज सायकलनं मूलच्या राइस मिलमध्ये कामाला जात. जाऊबाई तेव्हा बाळंतपणाला माहेरी होत्या. म्हणजे घरात बोलणारी माणसं कमी आणि सल्ला देणारी जास्त.

आणि बैल दोन. एक डावा, एक उजवा. त्यांना दुसरी नावं नव्हती, कारण तीच त्यांची जागा होती. डावा जन्मभर जुवाच्या डाव्या बाजूला चालला, उजवा उजव्या. जागा बदलली की दोघेही असे गोंधळत की गाडी रस्ता सोडून नाल्याकडे निघे. उजवा पांढराशुभ्र, उंच, शिंगं सारखी वळलेली. मामाजींचा जीव त्याच्यात. पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली तो उभा राहिला की मामाजींची छाती फुगायची आणि झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणताना आवाज पार पलीकडच्या टोल्यावरल्या वस्तीपर्यंत जायचा.

माझा तो सासरचा पहिला पोळा. तीन-चार दिवस आधी उजवा रानातून चरून आला तो मागचा एक पाय झटकत. गावची ढोरं चारणारा ढोरकी म्हणाला, बांबूचा तिरपा कापलेला खुंट गवतात होता, त्यावर पाय पडला. मामाजींनी पाय उचलून पाहिला. बैलाच्या खुराचे दोन भाग असतात ना, त्यातल्या बाहेरच्या भागाच्या तळव्यात बांबूची कपची घुसली होती. पक्कडीनं ओढून काढली. उरलं एक भोक. एवढंसं. ज्वारीचा दाणा बसेल इतकं.

"यात चिखल नाई गेला पाह्यजे," मामाजी म्हणाले.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. सप्टेंबर यायचा होता, बांध्यांत पाणी, अंगणात राड, कोठ्यात शेणामुताचा लगदा. भोकात घाण जाईल ही भीती खरीच होती. पण पुढे मामाजींच्या डोक्यात जे आलं ते आमच्याच भागातल्या माणसाच्या डोक्यात येऊ शकतं. आमच्याकडे विळ्याची मूठ हलायला लागली, घागर पाझरायला लागली की लाख तापवून लावतात. जंगलात पळसावर लाख होते, टोल्यावरची गोंड माणसं ती आणून देतात, घराघरांत तिच्या कांड्या असतात. मामाजींनी कांडी घेतली आणि चुलीपाशी बसले.

"काय करून राह्यले?" आत्याबाईंनी विचारलं.

"घागर गळली तं काय लावतो?"

"लाख."

"मंग?"

"मंग काय मंग? तो बैल हाये का घागर हाये?"

"भोक ते भोक," मामाजी म्हणाले. "घागरीचं पाणी बाहेर नाई येत, याचा चिखल आत नाई जात. हिसाब तोच!"

शेजारपाजारचे दोघंतिघं जमले होते. त्यांनी माना डोलावल्या. एक म्हातारबा म्हणाले, "डोस्कं हाये गा तुह्याजवळ." लाख जरा निववून, मऊ असतानाच मामाजींनी ती भोकात भरली, अंगठ्यानं दाबली, वरून गुळगुळीत केली. खूर नवा झाला. पोळ्याच्या सकाळी त्या खुरांना लाल ऑइलपेंटचे दोन हात बसले आणि मग तर भोक कुठं होतं हे खुद्द मामाजींना दाखवता आलं नसतं.

पोळा झकास झाला. उजवा तोरणाखाली उभा राहिला. एक पाय जरा हलका ठेवून उभा राहिला, पण अंगावर झूल, कपाळावर बाशिंग, शिंगांना बेगड, खूर लालचुटुक. पायाकडे बघतंय कोण! दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली पोरंसोरं मारबत, म्हणजे रोगराईचं बुजगावणं, घेऊन ओरडत वेशीबाहेर निघाली. खोकला जा, ताप जा, माश्या जा, डास जा. अख्ख्या गावाची रोगराई वाजतगाजत हाकलून दिली. आमची तेवढी राहिली. ती लाखेखाली बंद होती.

त्या दिवसापासून उजव्यानं तो पाय जमिनीला लावला नाही.

मामाजी म्हणाले, पोळ्याचा थकवा. मग म्हणाले, नजर लागली. मीठमिरच्या ओवाळून झाल्या. बैल चारा सोडून भिंतीकडे तोंड करून उभा राहू लागला. खुराच्या वरची कातडी सुजली, हात लावला तर चुलीजवळच्या भांड्यासारखी ऊन. मामाजींचा आवाज मात्र दिवसेंदिवस गार पडत चालला.

शेवटी भाऊजींनी विषय काढला. भाऊजी वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगते, कारण पुढे त्यांची फार शोभा होणार आहे. त्यांचं म्हणणं सरळ होतं. धान कापणीला येईल, भारे खळ्यावर आणायचे, मग चुरणा, म्हणजे बैल फिरवून धान मळायचं. एका बैलावर हे होत नाही. नवा बैल आणायचा तर त्याला उजव्या बाजूची सवय लावायला वेळ पाहिजे. आणि हा पाय असाच सडत गेला तर पुढे याला कोणी दारात उभं करणार नाही.

"आता खूर चमकून राह्यला तवर बेपाऱ्याले दाखवू," भाऊजी म्हणाले.

बेपारी लंगडा बैल कुठं नेतो हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मामाजी उठून कोठ्यात गेले. आत्याबाईंनी भाकरी तव्यावरच ठेवली आणि म्हणाल्या, "आंधी डॉक्टर. डॉक्टर नाई म्हणला तं मंग तुहा बेपारी. पण आंधी डॉक्टर."

ढोरांचे सरकारी डॉक्टर तालुक्याहून मोटारसायकलवर आले. धिप्पाड माणूस, जाड मिशा, आणि आवाज असा की कोठ्याच्या कौलांवरचे कावळे उडाले. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी नाटकं होतात, त्यांत ते हौसेनं खलनायक करत. सवय आवाजात राहिली होती. सुई काढतानाही असे काढत की आता कुणाचा तरी खून होणार.

बैलाला दोरानं पाडलं, पाय बांधले. भाऊजी शेपटीकडे, ढोरकी डोक्याकडे. डॉक्टरांनी पाण्यानं खूर घासला, पेंट खरवडला, चिमट्यानं तळवा दाबत दाबत गेले. एका जागी दाबताच बैल सगळाच्या सगळा थरारला. डॉक्टरांनी तिथं नखानं टोकरलं. वाकून पाहिलं. मग हळूहळू मान वर केली.

"लाख?"

भाऊजींनी शेपटी आणखी घट्ट धरली.

"कोण हा कारागीर?"

मामाजी कौलं मोजू लागले. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या समोरच उभा हाये."

"मालक," डॉक्टर म्हणाले, आणि तो आवाज खरंच रंगमंचावरचा होता, "चोर घरात शिरला होता. तुम्ही बाहेरून कुलूप लावलं!"

त्यांनी वाकड्या पात्याच्या चाकूनं लाख उकरली आणि भोवतीचा तळवा कापून भोक खालच्या बाजूनं रुंद केलं. आतून जे आलं ते काळं, पातळ, आणि त्याचा वास असा की भाऊजींनी शेपूट सोडली आणि ते थेट सांदवाडीत, म्हणजे परसात, विहिरीपाशी जाऊन उभे राहिले. मीही पदर नाकाला लावला. पण बैल! त्यानं एवढा मोठा श्वास सोडला, एवढा मोठा, की मला पहिल्यांदा कळलं, इतके दिवस त्यानं तो धरून ठेवला होता.

डॉक्टरांनी जखम धुतली, टिंक्चरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा सैलसर बसवला, पट्टी बांधली, धनुर्वाताची सुई दिली, पेनिसिलिन सुरू केलं. मग हात धूत धूत सांगितलं, "भोक बुजवायचं नाई. आतून भरत येऊ द्या, खालून गळू द्या. रोज कोमट पाण्यात मीठ अन् लाल दवा, ते परमँगनेट, टाकून पाय बुडवा. पुसून कोरडा करा. नवा बोळा, नवी पट्टी, वरून सायकलची ट्यूब बांधा. माशी बसू देऊ नका, अळ्या पडतात. सांध्यात पू गेला नाई अजून, नशीब समजा. अन् पाय पुन्हा शेणाचिखलात पडला तं मले बोलावू नका, बेपाऱ्यालेच बोलवा."

"कवा जुंपता येईन?" भाऊजींनी लांबूनच विचारलं.

"त्या खुरावर पूर्ण भार टाकला की. टेकवला म्हणजे भार नाई, हे ध्यानात ठेवा. घरात कोरडी जागा हाये का, पक्की?"

आणि मग, काय सांगू! एकेक करून सगळ्यांच्या माना वळल्या. मामाजींची, भाऊजींची, ढोरक्याची, कुंपणापलीकडच्या शेजारणीची. मी वळले नाही. मला माहीत होतं तिकडे काय आहे.

"हाये नं," आत्याबाई म्हणाल्या. "लाल हाये."

माझा पलंग छपरीत गेला, धान साठवायच्या ढोलीशेजारी. गुळगुळीत सिमेंटवर बैल घसरू नये म्हणून आत्याबाईंनी खोलीभर तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरली. दाराला माशा येऊ नयेत म्हणून पडदा पाहिजे होता. माझी लग्नातली पिवळी साडी लागली. उजवा लंगडत, तीन पायांवर, उंबरा ओलांडून आत गेला. मी जसं माप ओलांडून आत गेले होते तसंच, पण माझ्यापेक्षा जास्त ऐटीत.

या सगळ्या धांदलीत माझ्या यजमानांना कळवायचं राहून गेलं. संध्याकाळी ते मिलमधून थकून आले, रोजच्यासारखे सरळ खोलीत शिरले, अंधारातच शर्ट काढला आणि दाराजवळच्या खुंटीला अडकवला. खुंटी हलली. मग खुंटीनं फुरकन नाकातून वारा सोडला. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगात बनियन होतं आणि शर्ट आत, उजव्याच्या शिंगाला.

"काऊन रे?" आत्याबाई म्हणाल्या. "बैल नाई पाह्यला कवा?"

दुसऱ्या दिवसापासून औषधपाणी आमच्या दोघींकडे आलं, कारण पाणी तापवायची चूल आमची आणि खोली माझी. पहिल्या दिवशी उजव्यानं घमेलं उडवून दिलं. जांभळं पाणी भिंतीवर, माझ्या पातळावर, आत्याबाईंच्या चष्म्यावर. दुसऱ्या दिवशी मामाजींनी पुढून मान धरली आणि कानात काही तरी पुटपुटत राहिले. काय पुटपुटत ते मला कधी कळलं नाही, पण ऐकताना बैलापेक्षा मामाजींचेच डोळे ओले दिसत. आठवडाभरात घमेलं समोर ठेवलं की तो स्वतःच पाय उचलून आत ठेवू लागला. लाल दव्यानं माझी बोटं तपकिरी झाली. विहिरीवर बायका म्हणायच्या, "नवरीची मेंदी काही उतरत नाई वो!" एक आगाऊ बाई तर रोज विचारायची, "मंग, रात्री घोरते का तो?"

रोज पट्टी सोडताना आम्ही वास घेत असू. हसू नका. डॉक्टरांनीच शिकवलं होतं: वास गेला म्हणजे सड गेली. आधी वास गेला, मग गळणं थांबलं, मग भोकाच्या कडेनं आतून गुलाबी भरत आलं आणि त्यावर नवा खूर कडक होऊ लागला. ट्यूब मात्र आत्याबाईंनी सुटू दिली नाही.

आणि रोज सकाळी मामाजी दारात उभे राहून विचारत, "भार देते का?"

"टेकवते," मी म्हणे. "भार नाई देत."

खरंच तसं होतं. तो खूर असा नाजूक टेकवी, नुसत्या टोकानं. बरा झाला होता, पण विश्वास बसला नव्हता. इकडे बांध्यांतलं धान पिवळं पडत चाललं. भाऊजी रोज बांधीवर जाऊन येत, ओंबी हातावर चोळत, आणि काही न बोलता जेवत. त्यांचं न बोलणं मामाजींना फार ऐकू येई.

एका बाजाराच्या आदल्या सकाळी भाऊजी बेपाऱ्याला घेऊनच आले. डोक्याला लाल पंचा, काखेत छत्री, पान खाऊन लाल झालेलं तोंड. भाऊजी त्याला आधी कोठ्यात घेऊन गेले, मग आठवण होऊन माझ्या खोलीकडे. बेपाऱ्यानं पिवळा पडदा बाजूला केला. लाल जमीन, तणस, पाण्याची बादली, कोपऱ्यात कडुलिंबाची धुनी, आणि मधोमध पायात ट्यूबचा जोडा घालून रवंथ करणारा उजवा.

"भाऊ," बेपारी म्हणाला, "हा बैल हाये का जावई हाये?"

आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मामाजी ओसरीत बसून होते, हातातली दोरी वळत. वळून झालेली दोरी पुन्हा उकलत, पुन्हा वळत.

उजव्याला अंगणात आणलं. बेपाऱ्यानं ट्यूब काढायला लावली, तळवा पाहिला, अंगठ्यानं दाबला, दात पाहिले, पाठीवर थाप मारली. "चालवा जरा." भाऊजींनी कासरा धरून चालवलं. बैल चालला, पण त्या खुरावर तसाच, टोक टेकवत, चोरून.

"लंगडते," बेपारी म्हणाला.

"जरासाक," भाऊजी म्हणाले.

"जरासाक म्हणजे लंगडतेच नं."

भाऊजी थांबले, बैल थांबला. भाऊजी बैलाच्या पुठ्ठ्याजवळ येऊन बेपाऱ्याला काही सांगू लागले: जवान बैल आहे, अंगानं चांगला आहे, वगैरे. भाऊजींचे पाय अनवाणी. तेवढ्यात कुठून तरी एक गोमाशी आली आणि उजव्याच्या पुढच्या पायावर बसली. त्यानं तो पुढचा पाय उचलून जोरात आपटला, अंग मागं झुकलं, आणि तोल सावरायला मागचा खूर ठेवला. तोच खूर. भाऊजींच्या पायावर.

भाऊजींच्या तोंडून जो आवाज निघाला तो डॉक्टरांनी नाटकात वापरला असता.

"तोच का?" मामाजी ताडकन उभे राहिले. "तोच पाय हाये का?"

"तोच! तोच! हटवा त्याले!"

"थांब, थांब! हटवू नोको!" मामाजी धावत आले, गुडघ्यावर बसले आणि खाली वाकून बघू लागले. "नुसता टेकवला का भार हाये?"

"भार हाये!"

"पूर्ण?"

"पूर्ण हाये व माय, पूर्ण हाये!"

"अन् दुसरा पाय वर हाये, पाह्य, पाह्य!" आत्याबाई चुलीपासून केव्हा उठून आल्या ते मला कळलंच नाही. "सारा याच्यावरच हाये!"

खरंच, उजव्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं दुसरा मागचा पायही सैल सोडला होता. सगळं वजन त्या एका खुरावर, आणि तो खूर भाऊजींवर. मी पदर तोंडात कोंबला तरी हसू बाहेर आलंच. अखेर मामाजींनी त्याच्या पुठ्ठ्यावर थाप मारली तेव्हा तो पुढं सरकला, सावकाश, आणि पुढची चार पावलं पुऱ्या खुरावर भार देत टाकली.

बेपारी छत्री काखेत मारत म्हणाला, "बैल तं चांगला हाये. लंगडून तं तुम्ही राह्यले, भाऊ." आणि चहा पिऊन गेला.

भाऊजींच्या अंगठ्याचं नख काळं पडून गळलं. त्यांनी बैल विकायचा विषय नंतर काढला नाही, आणि कोणी त्यांना चिडवलंही नाही; म्हणजे त्यांच्या तोंडावर नाही. उजव्याला आधी रिकाम्या गाडीला जुंपलं, मग थोडक्या भाऱ्यांना. दिवाळीनंतर खळं तयार झालं, धान पसरलं. मळणीत बैल एका ओळीत बांधून मधल्या खांबाभोवती फिरवतात. बाहेरच्या बैलाला मोठा फेरा पडतो, खांबाजवळच्याला सगळ्यात लहान. म्हाताऱ्या बैलाला तिथं बांधायची रीत. भाऊजींनी कुणाला न विचारता उजव्याला खांबाजवळ बांधलं आणि तुतारी, म्हणजे हाकायची काठी, कुंपणाला टेकवून ठेवली. मामाजींनी ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं.

मग दिवसभर बैल फिरत राहिले, खाली धान खसखसत राहिलं, आणि भाऊजी नुसत्या तोंडानं "हो, हो" करत मागून चालत होते. उजव्यापासून मात्र दीड हात लांब.